जहाजाची स्थिरता

जहाजाची स्थिरता म्हणजे लाट, वारा, माल सरकणे किंवा अन्य कारणाने एका बाजूस कललेल्या जहाजाची पुन्हा सरळ होण्याची क्षमता होय. तरंगणे आणि स्थिर असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. उत्तम तरंगणारे जहाजही त्यातील वजनाची मांडणी चुकल्यास उलटू शकते. त्यामुळे बंदर सोडण्यापूर्वी जहाजाच्या स्थिरतेचे गणित करणे हे जहाजावरील अधिकाऱ्यांचे मूलभूत कर्तव्य मानले जाते. नौकानयनाच्या अभ्यासक्रमात हा विषय स्थाननिश्चिती, भरती-ओहोटी आणि मालभरणी या विषयांच्या जोडीने शिकवला जातो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील १९४७ ची 'रामदास' बोटीची दुर्घटना आणि २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळातील घटना यांमुळे या विषयाचे महत्त्व मराठी वाचकांच्याही परिचयाचे झाले आहे.

इतिहास

पाण्यात बुडालेल्या वस्तूवर तिने बाजूस सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके ऊर्ध्व बल कार्य करते, हे तत्त्व आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मांडले. जहाज का तरंगते याचे उत्तर त्यातून मिळाले, परंतु ते का उलटते याचे गणिती उत्तर मिळण्यास अठरावे शतक उजाडावे लागले. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बूगे याने १७४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात 'मेटासेंटर' ही संकल्पना मांडली. १७४९ मध्ये लिओनार्ड ऑयलर याने याच विषयावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्याआधी जहाजबांधणी अनुभवावर व अंदाजावर चालत असे. स्वीडनची 'वासा' ही युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत, दीड किलोमीटरही अंतर न कापता, स्टॉकहोम बंदरात बुडाली. वरच्या भागातील वजनाच्या मानाने तळाचे वजन अपुरे होते. वाऱ्याच्या झोताने नौका कलली आणि तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरले. ब्रिटनची 'कॅप्टन' ही युद्धनौका ७ सप्टेंबर १८७० रोजी उलटली. तिची प्रारंभिक स्थिरता पुरेशी होती, परंतु पाण्याच्या पातळीपासून डेकपर्यंतची उंची, म्हणजे फ्रीबोर्ड, फार कमी होता. लहान कलात सुरक्षित असणारे जहाज मोठ्या कलात सुरक्षित असेलच असे नाही, हा धडा या घटनेतून मिळाला.

अतिरिक्त मालभरणीला आळा घालण्यासाठी सॅम्युएल प्लिमसॉल यांनी ब्रिटिश संसदेत लढा दिला. १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या बाजूवर भाररेषा रंगविणे बंधनकारक झाले. ही खूण आजही प्लिमसॉल रेषा म्हणून ओळखली जाते.

मूळ तत्त्व

जहाजाचे सर्व वजन ज्या बिंदूतून खाली कार्य करते तो गुरुत्वमध्य (जी) होय. पाण्याचे प्लावक बल ज्या बिंदूतून वर कार्य करते तो प्लावक केंद्र (बी) होय. प्लावक केंद्र हे जहाजाच्या पाण्याखालील भागाचे भौमितिक केंद्र असते. जहाज सरळ असताना हे दोन्ही बिंदू एकाच उभ्या रेषेत असतात.

जहाज कलले की पाण्याखालील भागाचा आकार बदलतो आणि प्लावक केंद्र कललेल्या बाजूकडे सरकते. वजन न हलल्यास गुरुत्वमध्य मात्र आपल्या जागीच राहतो. नव्या प्लावक केंद्रातून काढलेली उभी रेषा जहाजाच्या मध्यरेषेस ज्या बिंदूत छेदते त्यास मेटासेंटर (एम) म्हणतात. गुरुत्वमध्यापासून मेटासेंटरपर्यंतच्या उंचीस 'जीएम' ही संज्ञा आहे. तीन स्थिती संभवतात:

• मेटासेंटर गुरुत्वमध्याच्या वर असल्यास जीएम धन असतो आणि जहाज सरळ होते.
• दोन्ही बिंदू एकत्र आल्यास जहाज जेथे कलेल तेथेच राहते.
• गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या वर गेल्यास जीएम ऋण होतो. असे जहाज सरळ उभे राहू शकत नाही. ते एखाद्या बाजूस कलून स्थिरावते किंवा उलटते.

गलबतांच्या काळात रिकाम्या नौकेच्या तळाशी दगड किंवा वाळू भरत. या भारास जुन्या मराठीत 'नीरम' असे म्हणत. गुरुत्वमध्य खाली आणणे हाच त्याचा हेतू होता. आधुनिक जहाजांत हेच काम टाक्यांमध्ये घेतलेले समुद्राचे पाणी करते.

जीएमचे गणित

सर्व उंची जहाजाच्या तळापासून, म्हणजे कीलपासून, मोजतात. कीलला 'के' हे अक्षर दिल्यामुळे मुख्य सूत्र असे होते:

जीएम = केएम − केजी
केएम = केबी + बीएम
बीएम = जलरेषेवरील छेदाचे निरूढी परिबल ÷ बुडालेल्या भागाचे घनफळ

पेटीसारख्या चौकोनी आकाराचा बार्ज हे अभ्यासाचे सर्वांत सोपे उदाहरण आहे. त्याची लांबी ६० मीटर, रुंदी १५ मीटर व पाण्यातील खोली (ड्राफ्ट) ३ मीटर आहे असे मानू.

• बुडालेल्या भागाचे घनफळ: ६० × १५ × ३ = २,७०० घनमीटर
• समुद्राच्या पाण्यात (घनता १.०२५) बार्जचे एकूण वजन, म्हणजे विस्थापन: २,७६७.५ टन
• केबी: ड्राफ्टच्या निम्मी, म्हणजे १.५० मीटर
• बीएम: रुंदीचा वर्ग ÷ (१२ × ड्राफ्ट) = २२५ ÷ ३६ = ६.२५ मीटर
• केएम: ७.७५ मीटर

मालाच्या मांडणीनुसार केजी ५.०० मीटर आली तर जीएम २.७५ मीटर मिळतो. बीएमच्या सूत्रात रुंदीचा वर्ग येतो. म्हणून रुंद नौका प्रारंभी अधिक स्थिर असते, तर डेकवर रचलेला प्रत्येक टन केजी वाढवून ही स्थिरता कमी करतो.

जीएम अतिशय मोठा असणेही इष्ट नसते. असे जहाज झटक्याने सरळ होते. त्यामुळे मालाच्या दोऱ्या तुटण्याची व माणसे इजा पावण्याची शक्यता वाढते. उलट जीएम लहान असलेले जहाज सावकाश डोलते. डोलण्याचा काळ ढोबळमानाने ०.८ × रुंदी ÷ √जीएम इतके सेकंद असतो. वरील बार्जसाठी तो सुमारे ७.२ सेकंद येतो. समुद्रात असताना हा काळ वाढू लागला तर स्थिरता घटत असल्याची ती सूचना असते.

मुक्त पृष्ठाचा परिणाम

अर्धवट भरलेल्या टाकीतील द्रव जहाजाबरोबर कललेल्या बाजूकडे वाहतो आणि सावरण्यास विरोध करतो. यामुळे जीएममध्ये होणारी घट टाकीतील द्रवाच्या वजनापेक्षा त्याच्या पृष्ठाच्या रुंदीवर अधिक अवलंबून असते.

वरील बार्जमध्ये १० मीटर लांब आणि पूर्ण १५ मीटर रुंद अशी एक टाकी समुद्राच्या पाण्याने अर्धवट भरली आहे आणि तिचे वजन आधीच हिशेबात धरले आहे असे मानू. टाकीतील पृष्ठाचे निरूढी परिबल १० × १५³ ÷ १२ = २,८१२.५ येते. त्यास २,७०० ने भागल्यास जीएममधील घट १.०४ मीटर मिळते. म्हणजे २.७५ मीटरचा जीएम १.७१ मीटरवर येतो आणि डोलण्याचा काळ सुमारे ९.२ सेकंद होतो. त्याच टाकीत मधोमध एक उभी भिंत घातली तर घट चतुर्थांशावर, म्हणजे ०.२६ मीटरवर येते. टाक्या एकतर पूर्ण भराव्यात किंवा पूर्ण रिकाम्या ठेवाव्यात, हा नियम यातूनच आला आहे. डेकवर साचलेले लाटांचे पाणीही हाच परिणाम घडवते.

वजन बाजूस सरकल्यास

माल किंवा माणसे एका बाजूस गेल्यास होणारा लहान कल पुढील सूत्राने काढतात:

कलाची स्पर्शज्या = (सरकलेले वजन × अंतर) ÷ (विस्थापन × जीएम)

वरील बार्जवर २० टन माल ६ मीटर बाजूस सरकला, तर जीएम २.७५ मीटर असताना कल सुमारे ०.९ अंश आणि १.७१ मीटर असताना सुमारे १.५ अंश येतो.

प्रवासी बोटीत हेच सूत्र अधिक भयावह ठरते. प्रत्येकी ६० किलो वजनाच्या ६०० माणसांचे वजन ३६ टन होते. विस्थापन ६०० टन व जीएम ०.६ मीटर असलेल्या एखाद्या बोटीत ही माणसे सरासरी ३ मीटर एका बाजूस सरकली, तर कल जवळपास १७ अंश येतो. लाटेचा मारा त्यात धरलेला नाही.

मोठे कल आणि आंतरराष्ट्रीय निकष

सुमारे १० अंशांपुढे केवळ जीएमवरून स्थिरतेचा निर्णय करता येत नाही. तेव्हा गुरुत्वमध्यापासून प्लावक बलाच्या रेषेपर्यंतचे आडवे अंतर, म्हणजे सावरणारी भुजा (जीझेड), प्रत्येक कोनासाठी काढून तिचा आलेख रेखाटतात. आलेखाखालील क्षेत्रफळ जहाज उलटवण्यास लागणाऱ्या ऊर्जेचे माप असते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २००८ च्या संहितेतील मुख्य निकष असे आहेत:

• प्रारंभिक जीएम किमान ०.१५ मीटर
• ३० अंश किंवा त्याहून अधिक कलात जीझेड किमान ०.२० मीटर
• जीझेडचे कमाल मूल्य २५ अंशांच्या आत येता कामा नये
• आलेखाखालील क्षेत्रफळ ३० अंशांपर्यंत किमान ०.०५५ आणि ४० अंशांपर्यंत किमान ०.०९ मीटर-रेडियन
• ३० ते ४० अंशांमधील क्षेत्रफळ किमान ०.०३ मीटर-रेडियन

स्थाननिश्चिती, भरती-ओहोटी आणि तळ टेकणे

उथळ किनाऱ्यावर स्थिरतेचे गणित स्थान व वेळेच्या गणिताशी जोडलेले असते. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल (१.८५२ किलोमीटर). मुंबईचे दक्षिण टोक सुमारे १८° ५४′ उत्तर अक्षांशावर आणि तारापूर सुमारे १९° ५०′ वर आहे. या दोहोंमधील ५६ मिनिटांचा फरक म्हणजे उत्तर दिशेने ५६ सागरी मैल. ताशी ८ सागरी मैल (८ नॉट) वेगाने हे अंतर कापण्यास ७ तास लागतात. या अवधीत भरतीची ओहोटी होते. म्हणून पोहोचण्याच्या वेळी पाणी किती असेल हे निघण्यापूर्वीच ठरवावे लागते. नकाशातील खोलीत भरतीची उंची मिळवून त्यातून ड्राफ्ट वजा केल्यास तळाखाली उरणारे पाणी कळते.

ओहोटीत नौकेचा तळ खडकावर टेकला तर वजनाचा काही भाग खडक पेलतो. हा आधार अगदी तळाशी असल्यामुळे त्याचा परिणाम तळाचे वजन काढून घेतल्यासारखा होतो आणि जीएम घटतो. वरील बार्ज मध्यरेषेवर एखाद्या अरुंद खडकावर टेकून सरळ उभा राहिला आणि पाणी १ मीटर उतरले, तर खडकावरील भार ९२२.५ टन होतो. मुक्त पृष्ठाची घट धरून जीएम १.७१ मीटरवरून सुमारे ०.८८ मीटरवर येतो. अरुंद तळाच्या नौकेत हाच जीएम फार लवकर शून्यावर येतो.

पालघरचा किनारा

वसईपासून झाईपर्यंतच्या पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीतील चढउतार साधारण चार ते पाच मीटर असतो. किनारा उथळ असून अनेक ठिकाणी खडक आहेत. सातपाटी-मुरबे खाडीसारख्या गाळ साचलेल्या खाड्यांत मासेमारी नौकांना भरतीची वाट पाहूनच आत-बाहेर करावे लागते.

मोठ्या जहाजांवर स्थिरतेची मंजूर पुस्तिका असते. लहान मासेमारी नौकांवर ती सहसा नसते. तेथे तांडेलाचा अनुभव हाच आधार असतो. निघताना नौकेच्या तळाशी बर्फ व इंधन असते. परतताना इंधन संपत आलेले, बर्फाचे पाणी झालेले आणि ओली जाळी डेकवर रचलेली असतात. म्हणजे तळाचा भार घटतो, मुक्त पृष्ठ वाढते आणि गुरुत्वमध्य वर जातो. त्यामुळे परतीच्या प्रवासात स्थिरता कमी असण्याची शक्यता अधिक असते. जाळी खाली ठेवणे, तळात साचलेले पाणी उपसणे आणि डेकवरील पाणी बाहेर जाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणे हे त्यावरील साधे उपाय आहेत.

डहाणूजवळील वाढवण येथे मोठ्या बंदराच्या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. तेथील सुमारे २० मीटरची नैसर्गिक खोली हे जागेच्या निवडीचे प्रमुख कारण सांगितले जाते. स्थानिक मच्छीमारांचा या प्रकल्पास दीर्घकाळ विरोध आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील दुर्घटना

रामदास (१९४७): मुंबईहून रेवसकडे निघालेली ही प्रवासी बोट १७ जुलै १९४७ रोजी ऐन पावसाळ्यात काशाच्या खडकाजवळ उलटली. बोटीवर सुमारे ७०० माणसे होती व त्यांपैकी ६०० हून अधिक मृत्युमुखी पडली. लाटांचे पाणी डेकवर आल्यावर घाबरलेले प्रवासी एका बाजूस धावले आणि बोट कलंडली, असे या घटनेचे वर्णन केले जाते. मुक्त पृष्ठ आणि वजन बाजूस सरकणे हे दोन्ही परिणाम येथे एकत्र आले.

तौक्ते चक्रीवादळ (२०२१): १७ मे २०२१ रोजी मुंबईजवळील समुद्रात नांगर सुटून 'पी-३०५' हा निवासी बार्ज वाहत गेला आणि एका तेल-फलाटावर आदळून त्यात पाणी शिरले. त्यावर २६१ जण होते. तो बुडून अनेकांचा मृत्यू झाला. याच वादळात भरकटलेला 'गाल कन्स्ट्रक्टर' हा बार्ज कुलाब्याच्या उत्तरेस सुमारे ४८ सागरी मैलांवर, पालघर तालुक्यातील वडराईजवळ, खडकाळ किनाऱ्यास लागला. त्यावरील सर्व १३७ जणांना सुखरूप बाहेर काढण्यात आले.

शिक्षण

भारतात संघटित सागरी प्रशिक्षणाची सुरुवात १९२७ मध्ये मुंबईतील 'डफरिन' या प्रशिक्षण जहाजावर झाली. सध्या डेक अधिकाऱ्यांच्या पात्रता परीक्षा मुंबईस्थित नौवहन महासंचालनालयाच्या अखत्यारीत होतात आणि जहाजाची स्थिरता हा त्यांतील अनिवार्य विषय आहे. आधुनिक जहाजांवर ही गणिते संगणकावर होतात. तथापि मालाच्या वजनाची किंवा टाकीतील पातळीची चुकीची नोंद दिल्यास संगणकाचे उत्तरही चुकते. म्हणून प्रत्यक्ष ड्राफ्ट वाचून हिशेब पडताळण्याची पद्धत आजही पाळली जाते.