दरबारात मांडलेल्या चटया

आजीचं माहेर सावंतवाडीचं, लाकडी खेळणी करणाऱ्या चिताऱ्यांच्या चितारआळीला लागूनच. सकाळी कातकामाची घरघर सुरू झाली की चुलीवरची पेज उतरवायची वेळ झाली, असं तिथल्या बायका समजत. घड्याळ घरात होतं, पण ते पणजोबांच्या खोलीत, आणि त्या खोलीत कारणाशिवाय जायची रीत नव्हती. बायकांचा दिवस आळीच्या आवाजावरच चाले.

तेव्हा विजेची मोटर नव्हती. एकानं दोरी ओढून लाकूड फिरवायचं, दुसऱ्यानं त्यावर पटाशी धरायची. दोघांचा मेळ बसावा लागे, म्हणून बहुतेक वेळा बाप-लेक किंवा सख्खे भाऊ कामाला बसत. फळं-भाज्या करायला लाकूड पांगाऱ्याचं, कारण ते हलकं आणि मऊ. फिरत्या लाकडाला लाखेची रंगीत कांडी टेकवायची. घासून जी ऊब तयार होते तिनंच लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याचं पान दाबून धरायचं की चकाकी येते. ह्या पानाचं आजीला फार अप्रूप. भाद्रपदात केवडा आमच्या वेणीत आणि पानं चिताऱ्यांच्या ओटीवर, असं ती सांगे, आणि सांगताना हात आपोआप मागं, आंबाड्याकडे जाई.

ती ओटी म्हणजे काय होतं हे मला आता कळतं. एका घरी लाकूड कातलं जाई, दुसऱ्या घरी त्याला रंग चढे, तिसऱ्या घरच्या सासवा-सुना बारीक कुंचल्यानं पाकळ्या आणि देठ काढत. दुपारी कुणाची तरी कुळथाची पिठी कुणाच्या तरी भाताला जाई. कोणी कुणाचं काम लपवून ठेवत नसे, कारण ओटीला दारच नव्हतं. जाणाऱ्या-येणाऱ्या पोरांनी तिथं रेंगाळावं, हात घालावा आणि ऐकून घ्यावं, ‘चेडवा, हात लावू नको हां, रंग ओलो आसा.’ आजीनं हे वाक्य इतक्या वेळा सांगितलं की ते माझ्याच लहानपणी कुणी मला म्हटलं होतं असं मला वाटतं. म्हटलंही असेल. आजोळी गेल्यावर मीही त्या ओट्यांवर पुष्कळ रेंगाळलेय.

आजीच्या रुखवतात आंबा, केळी, सीताफळ, कारलं आणि फोड काढलेलं कलिंगड होतं. सगळं लाकडाचं. त्यातलं कारलं आमच्या घरी अजून आहे. त्याचे काटे बोटाला लागतात, आणि घरात बाळ असलं की ते हमखास त्या काट्यांवरच दात घासून घेतं.

खेळण्यांइतकंच आळीचं दुसरं काम म्हणजे गंजिफा. आताच्या मुलांना पत्ते म्हणजे चौकोनी आणि बावन्न एवढंच ठाऊक. गंजिफाची पानं गोल. आमच्याकडची दशावतारी गंजिफा एकशेवीस पानांची: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. हा खेळ आला इराणकडून, मोगलांबरोबर. बाबरानं १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफा शहाण्णव पानांची, त्यात मुकुट, तलवारी, नाणी. खेळ दक्षिणेत उतरला आणि चिताऱ्यांच्या हातात आला तेव्हा त्यात आपले देव आले. ज्या मुलखात जत्रेला रात्रभर दशावतारी नाटक उभं राहतं, तिथल्या माणसांना हे अवतार कुणी समजावून सांगायला लागले नसणार.

पानं करायची म्हणजे महिन्यांचं काम. कागद किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, वाळवायचे, गोल कापायचे, वर खडूचा लेप द्यायचा, गुळगुळीत दगडानं घोटायचं आणि मग कुठं रंगाला हात लावायचा. राजदरबारासाठीचं बारीक काम वेगळं आणि बाजारी काम वेगळं. आमच्या पणजोबांकडची पानं बाजारी असावीत, कारण आजी त्यातल्या घोड्यांना ‘बकऱ्या’ म्हणे.

पणजोबा आणि त्यांचे दोन मित्र दुपारी माडीवर खेळत. तिघांत चाळीस-चाळीस पानं. त्या खेळातली एक गोष्ट आजीनं मला सांगितली, आणि तेव्हापासून हा खेळ मला जगातल्या कुठल्याही खेळापेक्षा जास्त आवडतो. दिवसा खेळताना ज्याच्या हातात रामाचा राजा, त्यानं पहिली उतारी करायची. दिवे लागले की तो मान कृष्णाच्या राजाकडे जायचा. का, तर रामाचा जन्म दुपारचा आणि कृष्णाचा मध्यरात्रीचा. आजी कंदील घेऊन माडीवर जायची ती लहान परकरी पोर. ती वर आली की पणजोबा डाव थांबवत आणि म्हणत, ‘कृष्ण इलो रे.’ कंदील नेण्यावरून बहिणींत भांडणं होत, ती ह्याच एका वाक्यासाठी.

सावंतवाडीचे राजे बापूसाहेब महाराज ह्यांच्या काळातली ही गोष्ट. ते १९३७ साली गेले, १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. छापील पत्ते आले, मग प्लॅस्टिकची खेळणी आली. गंजिफा विकत घेणारं कुणी उरलं नाही. आळीत खेळणी होत राहिली, पण पानं रंगवणारे हात एकेक करून थांबले. पणजोबांची पानं कुठं गेली ह्याचे आमच्याकडे तीन वेगळे पाठ आहेत. मोठे मामा म्हणत वाळवी लागली. मावशी म्हणे कुणीतरी पाहुणा घेऊन गेला. आजी ह्यावर काहीच बोलत नसे.

१९६० च्या सुमाराची गोष्ट असेल. राजेसाहेब शिवरामराजे आणि त्यांच्या पत्नी सत्वशीलादेवी, ज्या बडोद्याच्या गायकवाडांच्या कन्या, ह्यांनी ही कला शोधायला घेतली. तोवर गंजिफा काढता येणारे वाडीत एक वृद्ध कारागीर उरले होते, पुंडलिक चितारी. दोघं त्यांच्याकडून शिकले. राणीसाहेबांनी नुसतं शिकवून घेतलं नाही, त्या स्वतः कुंचला घेऊन बसल्या. मग राजवाड्यातल्या दरबार हॉलमध्ये कामाची जागा केली आणि वाडीतल्या, आसपासच्या गावांतल्या तरुण मुलामुलींना तिथं बसवलं. त्यांच्या घराण्यात ह्या कामाची परंपरा असलीच पाहिजे, अशी अट त्यांनी ठेवली नाही.

हे मला फार मोठं वाटतं. विद्या घराण्यात राहिली म्हणून टिकते असं आपण म्हणतो. पण शिकायला घरात कुणी उरलं नाही तर ती त्या घराबरोबरच संपते. आळीच्या ओटीला दार नव्हतं, ती ओटीच जणू उचलून दरबारात आणून ठेवली. जिथं एके काळी मुजऱ्याला उभं राहावं लागे, तिथं पोरं मांडी घालून बसली आणि मोठ्या माणसांना ‘हो रंग कसो मिसळतत?’ म्हणून विचारू लागली.

आजी मला तिथं घेऊन गेली ते माझ्या शाळेच्या वयात. मोती तलावाकाठून चालत, जांभ्या दगडाच्या कमानीतून आत. आत थंड, झुंबरं, भिंतीवर जुनी चित्रं आणि एका बाजूला चटयांवर पाच-सहा जण वाकून काम करताहेत. कुणी पानावर सोनेरी कड काढतंय, कुणी पाटाला वेलबुट्टी. जेवणाची वेळ झाली तेव्हा त्यांनी डबे उघडले. घावणे आणि काजूची उसळ होती. आजीच्या हातावर एका मुलीनं एक घावणा ठेवला आणि आजी तो दरबारात बसून खात होती. तिच्या बापाच्या वेळी ती त्या दारात उभीही राहिली नसती. खाता खाता तिनं त्या मुलीला दिवसाच्या रामाची आणि रात्रीच्या कृष्णाची गोष्ट सांगितली. मुलीला ती आधीच ठाऊक होती. त्यावर आजीला किती आनंद झाला म्हणून सांगू!

ह्याच जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळीला चित्रकथी काढणारे ठाकर लोक आहेत. पानावरची चित्रं एकामागून एक दाखवत रामायण-महाभारत सांगायची त्यांची रीत. तिथं परशुराम गंगावणे ह्यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं, बाहुल्या आणि जुन्या पोथ्या मांडल्या, पोरांना शिकवलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. राजवाडा आणि गोठा, दोन्ही माझ्या मनात एकाच रांगेत बसतात.

शिवरामराजे गेले, २०१८ मध्ये सत्वशीलादेवीही गेल्या. घरच्या पुढच्या पिढीनं काम सुरू ठेवलं. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळालं. दरबारात आजही चटया आहेत, काम करणाऱ्या बऱ्याच जणी बायका आहेत, आणि विचारलं तर मान वर करून सांगतात. लोक संच घेतात आणि चौकटीत घालून भिंतीवर लावतात. लावावेत, चित्रं आहेतच तशी. पण मला वाटतं, ती पानं हातात घ्यायसाठी केलेली आहेत. मी एक संच घेतला तो भाचरांना खेळायला. अर्ध्या रंगांत एक्का थोर आणि अर्ध्या रंगांत दहा थोर, ह्यावरून दर मे महिन्यात आमच्याकडे आरडाओरडा होतो.

तुम्ही घेतलात तर तिघं जण जमवा, मधे आंबोळ्यांची ताटली ठेवा, आणि दिवे लागले की कृष्णाला उतारी द्यायला विसरू नका.