आधी स्वीकार, मग समर्पण : पंडिता रमाबाईंची वाट

उपवासकाळात आपण प्रभू येशूच्या क्रुसावरील बलिदानाचे मनन करतो आणि लगेच विचारतो, आता आम्ही काय द्यावे? पंडिता रमाबाईंचे जीवन त्याआधीचा एक प्रश्न आपल्यापुढे ठेवते : प्रभूने जे दिले, ते आपण घेतले का?

रमाबाईंचा जन्म 1858 चा. 1870 च्या दशकातील दुष्काळात वडील, आई आणि बहीण गेली. भूक त्यांनी स्वतः सोसली होती. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले.

म्हणजे सेवा सुरू झाली होती. तरीही बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नव्हता. आपल्या साक्षीत त्यांनी हे मोकळेपणाने लिहिले आहे. तारण सत्कर्मांनी कमवायचे नसते, ते दान म्हणून घ्यायचे असते, हे त्यांनी तेव्हा मनापासून स्वीकारले.

मग त्यांचे हात आखडले का? उलट झाले. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. 1900 मध्ये गुजरातच्या दुष्काळातील शेकडो जणी तिथे आल्या. अंध मुली आणि समाजाने टाकलेल्या स्त्रिया, सर्वांसाठी दार उघडे होते. पोटाला अन्न मिळाले, तसे हाताला कामही मिळाले. 1912 मध्ये तेव्हाच्या निजाम राज्यातील गुलबर्ग्यातही मुक्तीची शाळा निघाली. रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा तिथे मुख्याध्यापिका होती.

मनोरमा 1921 मध्ये वारली. त्या दुःखातही रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून साध्या मराठीत चालवलेले बायबलचे भाषांतर सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूघरी गेल्या.

बरकतपुऱ्यातील आपण बहुतेक जण एवढे मोठे काम करणार नाही. घरी अंथरुणाला खिळलेली सासू असेल, शेजारी एकटे पडलेले आजोबा असतील. कर्तव्य म्हणून केलेली सेवा लवकर थकते आणि मग हिशेब मागू लागते. म्हणून आधी क्रुसासमोर रिकाम्या हातांनी बसूया. ओंजळ तिथे भरली, की ती दुसऱ्यासाठी रिती करायला भीती वाटत नाही.