झाशीचे धुळेकर : उत्तर प्रदेश विधान परिषदेचे मराठी सभापती



काशी आणि मराठी माणूस हा विषय निघाला की गागाभट्ट, अहिल्याबाई होळकर, येथेच जन्मलेली मनकर्णिका म्हणजे राणी लक्ष्मीबाई आणि ‘आज’ दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णू पराडकर यांची नावे आदराने घेतली जातात. मात्र याच प्रदेशाच्या विधिमंडळात मराठी माणसांनी जे स्थान मिळवले, त्याची माहिती आपल्यापैकी फार थोड्यांना असते. म्हणून या वर्षी कै. रघुनाथ विनायक धुळेकर यांच्याविषयी लिहावे असे ठरवले. मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. रेल्वेतला एक डिप्लोमाधारक इंजिनिअर आहे. वाचनात आले ते आपल्यापुढे ठेवतो.

पेशवाईत बुंदेलखंडात मराठी सत्ता आली, तेव्हा कारभारासाठी अनेक मराठी कुटुंबे झाशी, जालौन, सागर या भागांत गेली आणि तेथेच स्थायिक झाली. धुळेकरांचा जन्म १८९१ मध्ये झाशीचा. पेशा वकिलीचा. पुढे ते काँग्रेसच्या स्वातंत्र्यलढ्यात उतरले, तुरुंगवासही भोगला. १९४६ मध्ये संयुक्त प्रांतातून ते संविधान सभेवर निवडले गेले.

संविधान सभेचे कामकाज ९ डिसेंबर १९४६ रोजी सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी कामकाजाचे नियम ठरवणाऱ्या समितीचा विषय होता. धुळेकर उठले आणि हिंदुस्थानीत बोलू लागले. हंगामी अध्यक्ष डॉ. सच्चिदानंद सिन्हा यांनी त्यांना आठवण दिली की अनेक सदस्यांना ही भाषा कळत नाही. त्यावर धुळेकर म्हणाले की ज्यांना हिंदुस्थानी येत नाही त्यांना भारतात राहण्याचा हक्क नाही, आणि अशांनी ही सभा सोडून जावे हे बरे. सभागृहात गलबला झाला. अध्यक्षांनी त्यांचे बोलणे नियमबाह्य ठरवले. ही काही झाशीची जाहीर सभा नव्हे, अशी समज पंडित नेहरूंनी त्यांना दिल्याचे इतिहासकारांनी नोंदवले आहे.

सप्टेंबर १९४९ मध्ये भाषेचा प्रश्न पुन्हा आला. धुळेकर तेव्हाही हिंदीच्या बाजूने आग्रहाने बोलले. हिंदी ही नुसती राजभाषा नव्हे, राष्ट्रभाषा आहे, असे त्यांचे म्हणणे. त्याच सभागृहात महाराष्ट्राचे शंकरराव देव होते. एक भाषा, एक संस्कृती या घोषणेत थोड्यांचे अनेकांवर वर्चस्व लपलेले असू शकते, असा इशारा त्यांनी दिला. म्हणजे मराठी वंशाची दोन माणसे या प्रश्नावर दोन टोकांना उभी होती! एक महाराष्ट्रात वाढलेला, दुसरा बुंदेलखंडात. अखेर १४ सप्टेंबर १९४९ रोजी तडजोड झाली. देवनागरी लिपीतील हिंदी ही संघाची राजभाषा आणि १५ वर्षे इंग्रजीही चालू. ‘राष्ट्रभाषा’ हा शब्द घटनेत आला नाही. आपल्या कार्यालयांत १४ सप्टेंबरला हिंदी दिवस साजरा होतो तो याच निर्णयामुळे. बहुतेक वर्षी गणपतीही याच सुमारास येतात.

१९५२ मध्ये धुळेकर झाशीतून पहिल्या लोकसभेवर निवडून आले. त्यानंतर ते उत्तर प्रदेश विधान परिषदेत गेले आणि जुलै १९५८ ते मे १९६४ अशी जवळजवळ सहा वर्षे तिचे सभापती होते. विधान परिषद म्हणजे राज्याचे वरचे सभागृह. ते कधी विसर्जित होत नाही, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. देशात आज सहाच राज्यांत ते आहे, आणि त्यांत उत्तर प्रदेश व महाराष्ट्र ही आपली दोन्ही राज्ये आहेत.

आणखी एक गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. त्याच काळात विधानसभेचे अध्यक्ष होते आत्माराम गोविंद खेर. ते १९५२ ते १९६२ आणि पुन्हा १९६९ ते १९७४ या पदावर होते. खेर हे आडनाव वाचले की गोविंदपंत बुंदेले आठवतात, त्यांचेही मूळ आडनाव खेरच. म्हणजे १९५८ ते १९६२ या काळात देशातील सर्वांत मोठ्या लोकसंख्येच्या राज्याची दोन्ही सभागृहे मराठी आडनावाची माणसे चालवत होती. येथल्या लोकांनी त्यांना परके मानले नाही, हे त्याचे कारण.

आता मला जे महत्त्वाचे वाटते ते. घटनेचे कलम २१० असे सांगते की ज्या सदस्याला राज्याच्या राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत नीट बोलता येत नाही, त्याला मातृभाषेत बोलण्याची परवानगी पीठासीन अधिकारी देऊ शकतो. ज्यांनी १९४६ मध्ये भाषा न येणाऱ्यांना उठून जायला सांगितले, त्याच धुळेकरांच्या हाती १९५८ मध्ये हा अधिकार आला. व्यक्तीचे मत काहीही असो, खुर्ची सर्वांची असते, हे लोकशाहीने असे शिकवले. तसेच, ते लोकसभेत असतानाच १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे, यासाठी राज्यांनी प्रयत्न करावा, असे ते सांगते. काशीतल्या आपल्यासारख्यांसाठीच ते लिहिले आहे म्हणा ना!

धुळेकरांच्या हिंदीप्रेमाविषयी मला आदर आहे. आपण या प्रदेशाचे अन्न खातो, दिवसभर हिंदीत काम करतो, आपली मुले हिंदीत स्वप्ने पाहतात. पराडकरांनी तर काशीत राहून हिंदी पत्रकारिता घडवली, पण त्यासाठी कोणाला घालवून द्यावे लागले नाही. धुळेकरांचे १९४६ चे वाक्य मात्र मला पटत नाही. प्रेम आणि सक्ती यांत फरक आहे. तोच नियम उद्या कोणी प्रत्येक प्रांतात लावला तर बाहेरगावी राहणाऱ्या कोणाचाच निभाव लागणार नाही. महाराष्ट्रातही २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा निर्णय झाला, मोठा वाद झाला आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. जुना प्रश्न अजून संपलेला नाही.

आपल्यापुरते उत्तर सोपे आहे. कचेरीत शुद्ध हिंदी लिहावी, शेजाऱ्याशी मनापासून हिंदीत बोलावे आणि घरी मुलांशी मराठीत. आरती पाठ आहे, पण तिचा अर्थ मुलांना कळतो का, हे प्रत्येक घराने एकदा विचारून पाहावे. ते काम कोणतेही विधिमंडळ आपल्यासाठी करणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!