बैलाच्या चिमट्याची कुळकथा

अकोले तालुक्यात राजूर-भंडारदऱ्याकडचा मुलूख डांगी जनावरांचा. काळे टणक खूर, तेलकट कातडी आणि धो धो पावसात भातखाचरं तुडवायची ताकद यांवर हा बैल ओळखला जातो. पण गोऱ्हा औताला जुंपायचा, तर आधी तो शांत व्हायला हवा. त्यासाठी पूर्वी त्याला आडवा पाडत, पाय बांधत आणि वृषणाच्या शिरा लाकडात धरून ठेचत. याला म्हणत ‘बडवणे’. नंतरची सूज आणि वेदना मुकं जनावर कितीतरी दिवस सोसत राही.

या ठेचण्याला पर्याय आला तो इटलीतून. पीडमाँट भागातल्या नेपोलिओने बर्डिझो या पशुवैद्याने १९१० च्या सुमारास लांब दांड्यांचा, बोथट जबड्यांचा चिमटा घडवला. जबडे मिटले तरी कातडी कापली जात नाही. आतली वृषणाची दोरी आणि तिच्यातल्या रक्तवाहिन्या तेवढ्या चिरडतात. दोन्ही बाजू वेगवेगळ्या आणि थोड्या वरखाली दाबायच्या, म्हणजे अंडकोशाच्या कातडीला रक्त मिळत राहतं. रक्त तुटलेलं वृषण पुढच्या काही आठवड्यांत आक्रसतं. उघडी जखम नसल्याने माशी बसून किडे पडण्याची भीतीही राहत नाही.

मुंबई प्रांताने १९३३ मध्ये पशुधन सुधारणेचा कायदा केला. वळूला परवाना लागू लागला आणि खच्चीकरण हे सरकारी पशुवैद्याचंही काम झालं.

अवयवाचं रक्त तोडून त्याला सुकवायचं, हे तत्त्व पुढे माणसांच्या उपचारांतही वापरलं गेलं. १९९५ मध्ये पॅरिसच्या डॉक्टर जाक राव्हिना यांनी गर्भाशयातल्या गाठींची धमनी आतून बारीक कण सोडून बंद केल्याचं प्रसिद्ध केलं. धमनी बुजवणारी अशी द्रव्यं माणसाआधी कुत्र्या-डुकरांवर तपासली जातात. आपल्या १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावरांवरच्या अशा प्रयोगांतल्या शस्त्रक्रियेत शक्यतो भूल देण्याचा दंडक घातला. खच्चीकरणाबाबत मात्र ‘विहित पद्धतीने’ एवढंच म्हटलं. ती उणीव २०२३ च्या नियमांनी भरून काढली. आता खच्चीकरणासाठी नोंदणीकृत पशुवैद्य हवा आणि भूलही हवी.

चिमट्याने जखम टाळली, वेदना नाही. दाबाच्या क्षणी गोऱ्ह्याला होणारी कळ भूल दिल्याशिवाय थांबत नाही. प्रयोगशाळेतल्या जनावराला जे मिळतं, ते आपल्या शेतात राबणाऱ्यालाही मिळायलाच हवं. म्हणून मालकाने भुलीची सुई हक्काने मागावी, आणि ती लागू होईपर्यंत चिमटा लावू देऊ नये.