नवा गायक, जुनं नाव

'नटसम्राट'मधले आप्पा बेलवलकर आधी डॉ. लागूंनी केले, मग दत्ता भटांनी, सतीश दुभाषींनी. ज्यांनी त्यातले दोन-तीन पाहिलेत ते अजूनही लग्नाच्या पंगतीत यावरून भांडू शकतात (आमच्याकडे भांडलेले आहेत). नाटकवाल्यांकडे याला शब्दच आहे, रिप्लेसमेंट. संहिता तीच, जागा त्याच, माणूस दुसरा. जमला तर टाळ्या, नाही तर "लागूंची सर नाही" हे ठरलेलं.

रॉक बँडचा गायक बदलतो तेव्हा लोक याच हिशेबाने बघतात. पण तिथे संहिता आधी लिहिलेली नसते, ती नव्या माणसाला घेऊनच लिहावी लागते. हे मला नीट कळलं ते ब्लॅक सॅबथच्या 'हेवन अँड हेल' या १९८० सालच्या अल्बममुळे. आता नातेवाईक मंडळींपैकी काहीजण इथेच पान बंद करतील, "ती आपटाआपटी" म्हणून. जरा थांबा. गोष्ट माणसांचीच आहे.

इंग्लंडात बर्मिंगहॅममध्ये अ‍ॅस्टन नावाचा कामगार भाग आहे. तिथली ही चार पोरं. गिटारवर टोनी आयॉमी, बासवर गीझर बटलर, ड्रमवर बिल वॉर्ड आणि गायला ओझी ऑझबॉर्न. आयॉमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्राखाली गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, तारा हलक्या लावल्या आणि वाजवत राहिला. पुढे सूरही खाली उतरवला. सॅबथचा तो जड, काळोखा आवाज इथून आला. बँडचा पाया म्हणाल तर ही दोन टोपीवाली बोटं.

१९७० ते १९७५ या काळात त्यांनी सहा अल्बम काढले आणि एक अख्खा संगीतप्रकार उभा केला. मग पैसा, वकील, दारू आणि कोकेन. १९७७ च्या शेवटी ओझी बँड सोडून गेला. डेव्ह वॉकर नावाचा गायक आणला, त्याच्याबरोबर नवी गाणी बांधली, १९७८ च्या जानेवारीत टीव्हीवर कार्यक्रमही केला. आणि ओझी परत आला! वॉकरबरोबर बांधलेली गाणी गाणार नाही म्हणाला. मग एका गाण्याचे शब्द बदलून ते त्याच्या नुकत्याच वारलेल्या वडिलांवर केलं, एक ड्रमवाल्या वॉर्डने स्वतः गायलं. 'नेव्हर से डाय' या नावाने तो अल्बम त्याच वर्षी निघाला. नाव काहीही असो, ऐकताना माणसं दमलेली आहेत हे कळतं.

१९७९ मध्ये मंडळी लॉस एंजेलिसला भाड्याच्या घरात नव्या गाण्यांसाठी राहिली. गाणी होईनात. आयॉमी रिफ वाजवायचा (रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा ठसठशीत तुकडा, गाण्याचा कणाच म्हणा) आणि ओझी कुठेतरी पडलेला असायचा. एप्रिलमध्ये त्याला काढायचं ठरलं. सांगायचं कोणी? ते काम आलं बिल वॉर्डकडे, कारण तो ओझीच्या सगळ्यात जवळचा. ओझीने पुढे आत्मचरित्रात याबद्दल मनातलं लिहिलंय. नशेत तर सगळेच होते, मग मलाच का, असा त्याचा सवाल. सवाल रास्तच आहे. पण गायकाशिवाय गाणं पुढे सरकत नाही, गिटारवाला झिंगला तरी थोडं सरकतं, असा हिशेब असावा. दुष्ट हिशेब आहे, पण बँड चालू ठेवायचा तर दुसरा कोणता होता?

आला रॉनी जेम्स डिओ. मूळचं आडनाव पडाव्होना, इटालियन वंशाचा अमेरिकन, ओझीपेक्षा सहा वर्षांनी मोठा, चणीने लहानखुरा, लहानपणी ट्रंपेट शिकलेला. रिची ब्लॅकमोरच्या 'रेनबो' बँडमधून तो नुकताच बाहेर पडला होता. त्याची आणि आयॉमीची ओळख शॅरन आर्डनने करून दिली असं सांगतात. हीच शॅरन पुढे ओझीची मॅनेजर आणि १९८२ मध्ये बायको झाली. (एकता कपूरने हे लिहिलं असतं तर आपण हसलो असतो.)

आयॉमीकडे एक अर्धवट तुकडा पडून होता. ओझीबरोबरही त्यावर प्रयत्न झाला होता, पण तो कुठे पोचला नव्हता. डिओने त्यावर नवी चाल आणि नवे शब्द बांधले आणि 'चिल्ड्रन ऑफ द सी' झालं. मला वाटतं, सगळा अल्बम या एका गाण्यात समजतो. आपल्याकडे पेटीवाला गायकाच्या मागे जातो. जुन्या सॅबथमध्ये बऱ्याचदा उलट असायचं, गायक गिटारच्या मागे. 'आयर्न मॅन' ऐका. गिटार जशी जाते तशीच, त्याच सुरांवरून ओझी चालतो. त्याच्या त्या भेदरल्यासारख्या, सपाट आवाजाला ते शोभायचंही. आयॉमीनेच सांगितलंय की डिओ रिफवरून चालत नसे, तिच्या आडवा जायचा. मग आयॉमीलाही त्याच्या खाली मोकळी जागा ठेवावी लागली, स्वरसंगती बदलाव्या लागल्या. म्हणजे बदलला गायक, पण वाजवायची पद्धत बदलली ती गिटारवाल्याची! ओझीच्या काळात बहुतेक शब्द बटलरचे असत, आता ते डिओकडे गेले. युद्ध आणि वेडाच्या जागी समुद्र, राजे, स्वप्नं आली. मला ते शब्द कधीकधी फार सजवलेले वाटतात, हेही सांगून टाकतो.

बटलर घरच्या अडचणीमुळे मधे इंग्लंडला गेला आणि परत येऊन बास वाजवून गेला. निर्माता मार्टिन बर्च हा डिओला 'रेनबो'पासून ओळखणारा. ध्वनिमुद्रण झालं मायामीत आणि थोडं पॅरिसला. एप्रिल १९८० मध्ये अल्बम आला. कव्हरवर तीन देवदूत पत्ते खेळत सिगारेट ओढतायत. आधीचा अल्बम अमेरिकेच्या यादीत ६९ व्या क्रमांकापर्यंत गेला होता, हा २८ व्या, आणि ब्रिटनमध्ये नवव्या.

पण गाण्यांपेक्षा मला जास्त आवडते ती एक छोटी गोष्ट. ओझी स्टेजवर दोन बोटांनी शांततेची खूण करायचा. लोकांना तिची सवय. डिओ म्हणाला, ती त्याची आहे, मी कशी करू? त्याची इटालियन आजी रस्त्याने जाताना कोणाची दृष्ट लागू नये म्हणून तर्जनी आणि करंगळी ताठ करून एक खूण करायची. त्याने ती उचलली. आज जगभर रॉकवाली पोरं हात वर करून जी शिंगं दाखवतात, आणि ज्यात आपल्या मावश्यांना सैतान दिसतो, ती डिओमुळे पसरली. मूळ काय, तर आजीबाईंचं मीठ-मोहऱ्यांसारखंच काहीतरी!

मात्र जिथे त्याला खरंच रिप्लेसमेंट व्हावं लागलं, तिथे ते बसत नाही. कार्यक्रमांत जुनी गाणी गावीच लागत. 'लाइव्ह ईव्हिल'मध्ये त्याने गायलेलं 'वॉर पिग्ज' ऐका. आवाज ओझीपेक्षा कितीतरी तयार, आणि तरी गाणं सैल पडतं. ते दुसऱ्याच्या मापाचं शिवलेलं आहे.

या सगळ्याची किंमत वॉर्डने दिली. मित्राला काढल्याची बातमी त्यानेच दिली होती आणि तो स्वतः दारूत पुरता बुडालेला होता. हा अल्बम वाजवल्याचं आठवत नाही, असं तो नंतर म्हणाला. इतकं सुरेख वाजवलंय, आणि आठवत नाही. ऑगस्ट १९८० मध्ये चालू दौऱ्यातून तो निघून गेला. त्याच्या जागी व्हिनी अ‍ॅपिसी आला. पुढच्याच महिन्यात ओझीचा स्वतःचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये आला आणि तोही गाजला. एका फुटीतून दोन बँड उभे राहिले.

डिओ १९८२ मध्ये भांडून गेला, पुढे एका अल्बमपुरता परतला आणि १९९२ मध्ये ओझीच्या कार्यक्रमाआधी वाजवायला नकार देऊन पुन्हा गेला. २००६ मध्ये तो, आयॉमी, बटलर आणि अ‍ॅपिसी एकत्र आले, पण ब्लॅक सॅबथ हे नाव न लावता. बँडचं नाव त्यांनी अल्बमवरूनच घेतलं, 'हेवन अँड हेल'. त्याच वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये सॅबथचा सन्मान झाला, त्यात मूळचे चौघेच होते. १६ मे २०१० रोजी पोटाच्या कॅन्सरने डिओ गेला. ५ जुलै २०२५ ला अ‍ॅस्टनमध्येच, व्हिला पार्क मैदानावर, ते चौघे शेवटचे वाजले. वॉर्डही होता. चारच गाणी, चारही १९७० मधली. सतरा दिवसांनी ओझी गेला.

ऐकायचा असेल तर हा अल्बम क्रमाने ऐका, निवडून नको. शेवटचं 'लोनली इज द वर्ड' रात्री, दिवे घालवून. मधेच डिओ थांबतो आणि मग आयॉमी एकटाच गिटारवर बराच वेळ बोलत राहतो.