प्रतिजैविके : कार्य, दुष्परिणाम आणि जिवाणूंचा वाढता प्रतिरोध

जिवाणूंमुळे होणाऱ्या संसर्गावर वापरल्या जाणाऱ्या औषधांना प्रतिजैविके अर्थात अँटिबायोटिक्स म्हणतात. न्यूमोनिया, विषमज्वर, क्षयरोग यांसारख्या आजारांत ती जीवरक्षक ठरतात. सर्दी, फ्लू आणि बहुतांश घसादुखी मात्र विषाणूंमुळे होते. विषाणूंवर या औषधांचा कोणताही परिणाम होत नाही.

ब्रिटिश शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात पेनिसिलिनचा शोध लावला. हॉवर्ड फ्लोरी आणि अर्न्स्ट चेन यांच्यासह त्यांना १९४५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अपुऱ्या मात्रेमुळे जिवाणू पेनिसिलिनला दाद देईनासे होतील, असा इशारा फ्लेमिंग यांनी त्या वेळच्या व्याख्यानातच दिला होता.

औषध कसे काम करते?

मानवी पेशी आणि जिवाणू यांच्या रचनेतील फरक हा या औषधांचा आधार आहे. जिवाणूभोवती पेशीभित्तिका असते. मानवी पेशीला ती नसते. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातील औषधे या भित्तिकेची बांधणी रोखतात. परिणामी जिवाणू फुटून मरतो. अझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी औषधे जिवाणूच्या रायबोसोमवर परिणाम करून प्रथिनांची निर्मिती थांबवतात. सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनएची प्रत तयार होण्याच्या प्रक्रियेत अडथळा आणते.

दुष्परिणाम

प्रतिजैविके रोगकारक जिवाणूंबरोबरच आतड्यातील उपयुक्त जिवाणूंनाही मारतात. त्यामुळे जुलाब, मळमळ, पोटदुखी उद्भवते. काही रुग्णांत 'क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल' हा जिवाणू बळावून आतड्याला गंभीर सूज येते. पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीमुळे अंगावर पुरळ उठते. क्वचित श्वास कोंडून जिवावर बेतू शकते. टेट्रासायक्लिनमुळे लहान मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. जेंटामायसिनमुळे मूत्रपिंड व श्रवणशक्तीला अपाय होऊ शकतो, तर सिप्रोफ्लॉक्सासिनमुळे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना इजा संभवते.

प्रतिरोध कसा निर्माण होतो?

'शरीराला औषधाची सवय होते' हा समज चुकीचा आहे. प्रतिरोध जिवाणूंमध्ये निर्माण होतो. असंख्य जिवाणूंपैकी काहींमध्ये जनुकीय बदलामुळे औषधाला तोंड देण्याची क्षमता असते. औषधाने इतर जिवाणू मरतात आणि हे तग धरून वाढत राहतात. काही जिवाणू औषधाचे विघटन करणारी विकरे तयार करतात, काही औषध पेशीबाहेर फेकतात, तर काही औषधाचे लक्ष्यच बदलून टाकतात. प्रतिरोधाची जनुके प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या लहान वलयांद्वारे एका प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत जातात. असे जिवाणू एकाकडून दुसऱ्याकडे पसरत असल्याने, ज्याने कधीही अनावश्यक औषध घेतलेले नाही अशा व्यक्तीलाही त्यांचा संसर्ग होऊ शकतो.

नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात २००८ मध्ये 'एनडीएम-१' हे विकर आढळले. राखीव मानल्या जाणाऱ्या कार्बापेनेम गटातील औषधांनाही ते निष्प्रभ करते. 'द लॅन्सेट'मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०१९ मध्ये जगभरात १२.७ लाख मृत्यू थेट जिवाणूंच्या प्रतिरोधामुळे झाले. शस्त्रक्रिया, अवयव प्रत्यारोपण, कर्करोगावरील केमोथेरपी आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांची शुश्रूषा हे सारे प्रभावी प्रतिजैविकांवर अवलंबून आहे. ती निकामी झाल्यास साध्या शस्त्रक्रियेनंतरचा संसर्गही प्राणघातक ठरू शकतो.

भारतातील नियम

भारतात 'एच-१' अनुसूची मार्च २०१४ पासून लागू आहे. तिच्यातील प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद औषध विक्रेत्याने स्वतंत्र वहीत करून ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. वेष्टनावर लाल रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, यासाठी २०१६ मध्ये जनजागृती मोहीम सुरू झाली. पशुपालन आणि कुक्कुटपालनात होणारा वापरही प्रतिरोधाला खतपाणी घालतो. त्यामुळे केंद्र सरकारने २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली.

रुग्णांनी घ्यावयाची काळजी

डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा, वेळ आणि कालावधी पाळावा. बरे वाटू लागले म्हणून औषध परस्पर बंद करू नये. उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारासाठी ठेवू नयेत, तसेच इतरांना देऊ नयेत. पूर्वी एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी झाली असल्यास, तसेच गर्भावस्था किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास, डॉक्टरांना आधीच कळवावे. औषध घेतल्यावर श्वास घेण्यास त्रास झाला अथवा चेहऱ्यावर सूज आली, तर तातडीने रुग्णालय गाठावे. संसर्गच टळला तर औषधाची गरज उरत नाही. म्हणून लसीकरण, स्वच्छ पाणी आणि हात धुण्याची सवय हे प्रतिरोधाविरुद्धचे सर्वांत स्वस्त उपाय आहेत.