गच्चीवरच्या अँटेनाचं तोंड कुणीकडे?



मागच्या महिन्यात लोदमधल्या आमच्या जुन्या इमारतीत गेले होते. माझी नात बरोबर होती. गच्चीवर पापांनी उभा केलेला लोखंडी पाइप अजून तसाच आहे. त्यावरच्या दोन अँटेनांपैकी एकीच्या दांड्या गळून गेल्यात, दुसरीवर कबुतरं बसतात. नातीनं विचारलं, "आजी, हे काय आहे?" तिला सांगायला लागले आणि लक्षात आलं, की आपला इतिहास म्हटला की आपण नवगावला फुटलेलं गलबत, शनवार तेल्यांचे घाणे आणि अलिया एवढंच लिहितो. गच्चीवर जे घडलं ते कुणी लिहीत नाही.

आम्ही 1969 साली मुंबईहून आलो, तेव्हा मी दहा वर्षांची होते. इस्रायलचा टीव्हीही तेव्हा नवाच होता. 1966 मध्ये शाळांसाठी शैक्षणिक कार्यक्रम सुरू झाले आणि 1968 मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या जेरुसलेममधल्या संचलनापासून, सर्वांसाठीचा टीव्ही आला. कार्यक्रम हिब्रूत आणि अरबीत. आमच्या घरी टीव्ही आला तो तीन-चार वर्षांनी, हप्त्यांवर घेतलेला.

टीव्ही घेणं सोपं, चित्र आणणं कठीण. पापा मुंबईत गिरणीत इलेक्ट्रिशियन होते, म्हणून अख्ख्या इमारतीनं ते काम त्यांच्याच गळ्यात घातलं. ते आम्हा मुलांना समजावून सांगत: अँटेनाचा सगळ्यात लांब दांडा मागे, आखूड दांड्या पुढे, आणि आखूड टोक मनोऱ्याकडे. दांड्यांची लांबी लहरीच्या लांबीच्या साधारण निम्मी, म्हणून एका वाहिनीची अँटेना दुसरीला नीट चालेलच असं नाही. तोंड जरा चुकलं की पडद्यावर मुंग्या. लाट समोरच्या इमारतीवर आपटून उशिरा पोचली, की एका माणसाशेजारी त्याचीच फिकट सावली उभी राहायची.

आता दिशा बघा. आपला मनोरा एतानिमला, जेरुसलेमच्या डोंगरात. लोदहून तो आग्नेयेला, पंचवीस-तीस किलोमीटरवर. तिकडे तोंड केलं की इस्रायलचं चित्र स्वच्छ. पण लोदहून सरळ पूर्वेला, सुमारे शंभर किलोमीटरवर, अम्मान आहे. जॉर्डनचा टीव्हीही 1968 सालचाच. मध्ये यहुदाचे डोंगर आणि यार्देनची खोल दरी. टीव्हीच्या लहरी डोंगर ओलांडून फारशा वाकत नाहीत, म्हणून तिकडचं चित्र हवं असेल तर पाइप उंच हवा, अँटेना मोठी हवी आणि वायरीत बूस्टर हवा. पापांनी एकाच पाइपवर दोन अँटेना बसवल्या, खाली एतानिमची आणि वर अम्मानची. टीव्हीमागे बदलायचा खटका लावला.

शत्रूराष्ट्राचा टीव्ही कशाला, असं आज कुणी विचारेल. तेव्हा कुणी विचारत नव्हतं. देशात नियमित अशी वाहिनी एकच. दुसरी वाहिनी रीतसर सुरू झाली ती थेट 1993 मध्ये. जॉर्डनवर इंग्रजी मालिका असत, चक्क हिब्रू बातम्याही असत. शिवाय तिकडे रंग होते. आपल्याकडे रंगीत टीव्ही म्हणजे चैन, असं सरकारचं मत. परदेशी कार्यक्रमांतला रंगसुद्धा प्रसारणाआधी पुसला जाई. मग लोकांनी पुसलेला रंग परत आणणारी डबी शोधून काढली आणि ती भरपूर खपली. सगळे कार्यक्रम रंगीत व्हायला 1983 उजाडलं.

पण आमच्याकडे अम्मानची अँटेना लागली ती आजीसाठी. आजीला हिब्रू कधी आलीच नाही. दिवसभर घरात एकटी, खिडकीत बसून. अँटेना कुठेही फिरवा, मराठी काही येणार नव्हती. एके शुक्रवारी दुपारी आपल्याच टीव्हीवर अरबी सिनेमा लागला होता. आजी एकदम म्हणाली, "अगं, ही किताब म्हणाली! दुनिया म्हणाली!" मग ती मोजायलाच लागली. साबण, शरबत, हिसाब, खबर. कोकणातून आणलेल्या मराठीतले शब्द तिला अरबीत भेटत होते. गाणी, रडणारी आई, दुष्ट काका, हेही ओळखीचं. आपल्या वाहिनीवरचा हा सिनेमा आठवड्यातून एकदाच, तोही शब्बाथ लागायच्या आधी संपला पाहिजे. अम्मानवर मात्र अरबी रोज. पापांनी दुसऱ्या आठवड्यात पाइप वाढवला.

अँटेना फिरवायचा दिवस म्हणजे सगळ्या जिन्याचा कार्यक्रम. पापा गच्चीवर, मी जिन्यात, आजी टीव्हीसमोर. आजी ओरडायची, "आलं! आलं! गेलं! मागं घे!" मी ते वर पोचवायची. शेजारी मोरोक्कोचे, इराकचे. महिन्याभरात त्यांची मुलंसुद्धा "आलं, गेलं" ओरडायला लागली. बेने इस्रायल खरे ज्यू की नाहीत, हा वाद 1964 मध्ये क्नेसेटच्या ठरावापर्यंत गेला होता. ते आमच्या येण्याआधीचं, पण कुजबुज पुढेही ऐकू यायची. आमच्या जिन्यात मात्र ती थांबली, कारण सगळ्यांचं चित्र पापांच्या हातात होतं.

त्याच सुमारास अलिबागहून मामांचं पत्र आलं. मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 ला दूरदर्शन सुरू झालं होतं. काही वर्षांनी मामांनी घरावर अँटेना लावली, तोंड उत्तरेला, समुद्रावरून थेट वरळीच्या मनोऱ्याकडे. पत्रात 'छायागीत' आणि 'आमची माती आमची माणसं' यांची वर्णनं. आजीनं ते पत्र माझ्याकडून चारदा वाचून घेतलं. मग पापांना म्हणाली, "एवढं पूर्वेला केलंसच, तर अजून थोडं पुढं बघ की." पापा हसले नाहीत.

19 नोव्हेंबर 1977 ची रात्र. शब्बाथ संपला होता आणि इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष सादात यांचं विमान लोदच्या विमानतळावर उतरत होतं. आमच्या बैठकीच्या खोलीत अख्खा जिना बसला होता. विमानतळ आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण चित्र एतानिमच्या डोंगरावरून फिरून आमच्याकडे आलं. आजीनं सादातांचे अरबी शब्द ऐकले आणि म्हणाली, "हा आपल्यातला बोलतोय."

आता जे लिहिते ते नातीला सांगितलं नाही. पुढच्याच हिवाळ्यात वादळी पावसात अँटेना फिरली. आमच्याच इमारतीतला, भारतातून आलेला एक तरुण पापांची वाट न बघता रात्री एकटा वर गेला. पायात ओल्या चपला. गच्चीवर पाणी तापवायच्या टाक्या आणि नळ. तो दोन मजले खाली, पहिल्या मजल्याच्या बाल्कनीवर पडला. मी तेव्हा नर्सिंगची विद्यार्थिनी, त्या रात्री ड्यूटीवर होते. स्ट्रेचरवरचा चेहरा ओळखला तेव्हा हातातली पट्टी खाली पडली. मणका मोडला होता. वाचला, पण पुढे काठीशिवाय चालला नाही. पापांनी दोन महिने गच्चीवर पाय ठेवला नाही. "क्लॅम्प मी आवळला होता," एवढंच म्हणत. मग त्यांनी जिन्याच्या दारावर हिब्रूत आणि मराठीत कागद लावला: पावसात वर जायचं नाही, एकट्यानं जायचं नाही, कमरेला दोर, पायात बूट. पुढे नोकरीत गच्चीवरून पडलेले आणखी पेशंट पाहिले. प्रत्येक वेळी तो कागद आठवला.

आजी 1986 मध्ये गेली. पुढे डिश आल्या, हिंदी आणि मराठी घरात आली. ती ऐकायला आजी नव्हती. 31 मार्च 2011 ला जुनं ॲनालॉग प्रसारण बंद झालं. आता डिजिटल प्रसारण फुकट दिसतं. त्यालाही लहानशी अँटेना लागते आणि लोदमध्ये तिचं तोंड अजून एतानिमकडेच करावं लागतं.

आपले पूर्वज कोकणात पश्चिमेला तोंड करून तेफिला करत, कारण जेरुसलेम तिकडे. लोदमध्ये आपण आग्नेयेकडे वळलो, आणि अँटेनाही जवळपास तिकडेच. फक्त वरची एक अँटेना आजीसाठी पूर्वेला राहिली. ती पूर्व अम्मानपर्यंतच पोचली, अलिबागपर्यंत नाही.

तुमच्या आईवडिलांच्या गच्चीवर असा पाइप असेल, तर तो काढून टाकण्याआधी एकदा त्यांना विचारा, तोंड कुणीकडे होतं आणि कुणासाठी. उत्तर लिहून ठेवा. आणि वर एकटे जाऊ नका.